दहा खोल्यांची अंत्ययात्रा

शिवराम दात्यांची खोली माकडाने खाल्ली, तिथेच खरं तर बिंदुमाधव पुणतांबेकरांनी थांबायला हवं होतं. समजूतदार माणूस थांबला असता. पण समजूतदार माणसाने साठी उलटल्यावर कागदाच्या लगद्यापासून दुसऱ्यांच्या खोल्या मुळात केल्याच नसत्या.

खोल्या म्हणजे दीड वीत लांब, वीतभर उंच. एक बाजू उघडी, बाकी तीन भिंती, खिडकी, दार आणि वर लाकडी तुळया. कागदाचा लगदा, मेथीची पूड, खडूची भुकटी आणि मैद्याची खळ यांत त्या उभ्या राहिल्या होत्या. काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यात ज्या ज्या मराठी घराला एकदा कुलूप लागलं आणि नंतर ते दुसऱ्याच कोणी उघडलं, त्या प्रत्येक घराची एक खोली. कोणी पुण्याला मुलाकडे गेलं होतं, कोणी नागपूरला, कोणी जवळच, मणिकर्णिकेवर. चार वर्षांत अशा अकरा खोल्या झाल्या. माणूस एकीतही नाही. मुळ्यांच्या खोलीत मच्छरदाणीचे चार खिळे आणि त्यांतल्या एकाला लोंबणारी दोरी. दात्यांच्या खोलीत भिंतीला टेकवलेली छत्री. बास.

बिंदुमाधवांनी विद्यापीठाच्या पेन्शन विभागात तेहतीस वर्षं काढली. दर नोव्हेंबरात म्हातारी माणसं आपण जिवंत असल्याचा दाखला घेऊन त्यांच्या टेबलासमोर उभी राहत आणि बिंदुमाधव शिक्का मारून त्यांना आणखी एक वर्ष जिवंत ठेवत. असल्या नोकरीतून कलावंत कसा निघाला, याचा उलगडा त्यांच्या पत्नी प्रेमलाबाईंना झाला नव्हता. लगदा ढवळायला घरातली परात गेली तेव्हापासून त्यांनी तो उलगडा करून घेण्याचा प्रयत्नही सोडून दिला होता.

सगळं सुरू झालं ते मुलीच्या फोनने. मालविका पुण्याला असते. तिथल्या एका कलादालनात कलात्मक छायाचित्रांचं प्रदर्शन भरणार होतं.

"बाबा, तुमच्या खोल्या कुरिअरने इथवर धड येणार नाहीत," ती म्हणाली. "पण फोटो येतील. नीट फोटो काढून घ्या. महिनाअखेरीपर्यंत पाठवायचेत. दोन तासांचं काम आहे."

दोन तासांचं काम. पुढे सात आठवडे हे तीन शब्द बिंदुमाधवांना दातात अडकलेल्या सुपारीसारखे छळत राहिले.

पहिले फोटो त्यांनी मोबाइलवर स्वतःच काढले. जेवणाच्या टेबलावर खोली, मागे पांढरी चादर, आणि चादर धरून प्रेमलाबाई. त्यांचे हात भरून येत होते. "जल्दी करा ना," असं त्या तीनदा म्हणाल्या. बिंदुमाधवांनी तिन्ही वेळा कलेला घाई चालत नाही असं सांगितलं. अकरा फोटो गेले. मालविकाचं उत्तर तासाभराने आलं. ती शहाणी मुलगी आहे, तिने शब्द फार जपून वापरले होते. "बाबा, छान आलेत. फक्त थोडे रुखवतासारखे दिसतायत."

त्या संध्याकाळी बिंदुमाधव जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. रुखवत. लग्नात मुलीकडच्यांनी मांडलेला साखरेचा बंगला आणि खारकांचं बदक. चार वर्षांच्या कामाला मिळालेला हा पहिला अभिप्राय होता, आणि तोही स्वतःच्या लेकीचा.

दुसऱ्या दिवशी समोरचे देवव्रतशास्त्री आले. ते घाटावर अंत्यविधी आणि श्राद्धं सांगतात, त्यामुळे सल्ला देताना त्यांचा आवाज नेहमी असा लागतो, की ऐकणाऱ्याला आपलं कोणी गेलं की काय अशी शंका यावी. त्यांनी अकराही खोल्या वाकून पाहिल्या.

"मुळ्यांच्या खोलीचं दार दक्षिणेला केलंत," ते म्हणाले.

"होतंच दक्षिणेला."

"म्हणून तर मुळे गेले." त्यांनी मान वर करून पाहिलं. "फोटोला उजेड हवा. इथे काय आहे? विहीर आहे ही. छतावर न्या."

प्रेमलाबाईंनी तेवढ्यात बजावलं. "अहो, छतावर नका नेऊ. बंदर येतील."

बिंदुमाधव म्हणाले, माकडं खाण्याच्या वस्तूंवर येतात, शिल्पावर येत नाहीत. हे वाक्य त्यांना पुढे अनेकदा ऐकवलं गेलं. मैद्याची खळ आणि मेथी हे मिश्रण वानरवर्गाला किती प्रिय आहे, याची कल्पना त्यांना नव्हती. ते मोबाइलची काच पुसत होते तेवढ्यात एक थोराड माकड कठड्यावरून उतरलं. त्याने खोल्यांच्या रांगेवरून घरमालकासारखी नजर फिरवली, दात्यांची खोली उचलली आणि शेजारच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलं. त्याने आधी छत्री काढून फेकली. मग दाराची चौकट खाल्ली, मग खिडकी, मग भिंती. सावकाश खाल्ल्या. बिंदुमाधव काठी घेऊन खाली उभे होते. दात्यांची खोली करायला त्यांना पाच महिने लागले होते. संपायला दहा मिनिटं लागली.

"शिवरामपंत गेले तेव्हाही तुम्ही असेच उभे होतात," शास्त्रीबुवा म्हणाले. सांत्वन म्हणून म्हणाले असावेत.

यानंतर एक धंदेवाईक छायाचित्रकार झाला. विद्यापीठाजवळच्या लंका भागात त्याचा चांगला चकचकीत स्टुडिओ आहे. त्याने मुळ्यांची खोली हातात फिरवून पाहिली आणि विचारलं, "झाँकी है? कन्हैयाजी कहाँ बैठेंगे?" बिंदुमाधवांनी सांगितलं की ही खोली रिकामीच आहे. त्यावर तो म्हणाला की रिकाम्या खोलीचा फोटो कोण बघणार, नवरा-नवरी कॉम्प्युटरवर बसवून देतो, आजकाल सगळे तसंच करतात. बिंदुमाधव खोली पिशवीत घालून बाहेर पडले. कोणाशी वाद घालायला माणसाला आपली बाजू काय आहे ते धड सांगता यावं लागतं, आणि त्यांना ते कधीच जमलं नव्हतं.

शेवटी शास्त्रीबुवांनीच नाव काढलं. "जे हलत नाही त्याचा फोटो काढणारा काशीत एकच माणूस आहे. विश्वेश्वर."

विश्वेश्वर मणिकर्णिकेवर फोटो काढायचा. गेलेल्या माणसाचा, नातेवाइकांसह. गावाकडे राहिलेल्यांना दाखवायला, कधी कुठल्या दफ्तरात लावायला, कधी नुसतंच. तीस वर्षं तो हेच करत आला होता. बिंदुमाधव त्याला भेटायला गेले तेव्हा तो लाकडांच्या वखारीबाहेर बाकावर चहा घेत होता. किडकिडीत, पन्नाशीचा, आवाज इतका हळू की आपण पुढे झुकावं.

"किसकी फोटो है?"

"कमरों की," बिंदुमाधव म्हणाले. "छोटे हैं. हाथ से बनाये हैं."

"खाली हैं?"

"हाँ."

विश्वेश्वरने कप खाली ठेवला. "कब खाली हुए?"

हा प्रश्न आजवर बिंदुमाधवांना कोणी विचारला नव्हता. काय लावलंय, कशाचं केलंय, किती दिवस लागले, हे सगळ्यांनी विचारलं होतं. ते त्याच बाकावर बसले आणि त्यांनी अनुक्रमाने सगळं सांगितलं. विश्वेश्वर तयार झाला. अट एकच, की तो घरी येणार नाही. त्याचं काम कधीही येतं. वखारीच्या वर तिसऱ्या मजल्यावर त्याची खोली होती, उत्तरेच्या खिडकीची. मॉडेल तिथे आणायची.

दूधविनायकापासून मणिकर्णिका म्हणजे पंधरा मिनिटांची वाट. पण त्या गल्ल्यांतून गाडी जात नाही आणि पिशवीत भिंतींचे कोपरे मोडतात. बिंदुमाधवांनी रात्रीची झोप घालवून तोडगा काढला. घरातली सहा फुटी फळी घ्यायची. तिच्यावर पाच-पाच खोल्यांच्या दोन रांगा मांडायच्या, सुतळीने बांधायच्या. धूळ लागू नये म्हणून वरून पांढरी चादर. दोन हमाल, एक पुढे, एक मागे. स्वतः बिंदुमाधव मागून चालणार. दाढी दोन दिवस राहिली होती आणि घाईत पायांत चप्पल घालायला ते विसरले होते.

चादरीखाली उंचसखल आकार होता. निघताना प्रेमलाबाई भजनी मंडळाला गेल्या होत्या.

पहिल्या वळणावर एक बाई भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने हात जोडले. बिंदुमाधवांना बरं वाटलं. लोकांत अजून कलेविषयी आदर आहे, असं त्यांच्या मनात आलं. दुसऱ्या वळणावर दहीवाल्याने दुकानातला रेडिओ बंद केला. तिसऱ्या वळणावर पुढचा हमाल सवयीने "राम नाम सत्य है" म्हणाला आणि मागच्याने त्याहून सवयीने ते पूर्ण केलं. बिंदुमाधव त्यांना थांबवायला पुढे सरसावले, पण गल्ली अरुंद होती, फळी मध्ये होती, आणि तोवर मागून चार-पाच अनोळखी माणसं येऊन मिळाली होती. अशा वेळी सोबत चार पावलं चालण्याची तिथे रीत आहे. त्यांतल्या एकाने बिंदुमाधवांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पिताजी?"

"नाही, नाही. कमरे हैं," बिंदुमाधव म्हणाले.

त्या माणसाने समजुतीने मान हलवली. दुःखात माणूस काहीही बोलतो. मग तो पुढे झाला आणि मागच्या हमालाला बाजूला करून त्याने स्वतः खांदा दिला. गृहस्थ सहा फूट उंच होते. पुढचा हमाल पाच फूट. फळी तिरकी झाली, सुतळीतून एक खोली निसटली आणि चादरीखालून घरंगळत गल्लीत पडली. पाटणकरांची. बिंदुमाधव खाली बसले. भिंती तीनही बाजूंना पडल्या होत्या आणि आतला एवढासा पाट उघड्यावर आला होता. मागून येणाऱ्या म्हशीने त्यांना उठून बाजूला व्हायला लावलं. म्हैस पुढे गेल्यावर उचलण्यासारखं काही उरलं नाही.

घाटाच्या तोंडाशी एक खिडकी आहे. हमालांनी तिथे फळी टेकवली, कारण हमाल तिथे फळी टेकवतातच. शास्त्रीबुवांनी बिंदुमाधवांना सांगून ठेवलं होतं की कॅमेऱ्याचं काम आहे, परवानगी विचारून घ्या. त्यामुळे ही खिडकी परवानगीचीच असा त्यांचा समज झाला.

"नाम?" आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं.

"बिंदुमाधव पुणतांबेकर."

"उमर?"

"सडसठ."

"कारण?"

"फोटो खिंचवाना है."

आतल्या माणसाने "स्वाभाविक" असं लिहिलं आणि पावती फाडून बाहेर सरकवली. बिंदुमाधवांनी चष्मा लावून ती वाचली. मृतकाच्या नावापुढे त्यांचं नाव होतं. अक्षर चांगलं होतं.

"भाईसाहब, यह तो मैं हूँ."

आता त्या माणसाने वर पाहिलं. "मृतक से आपका संबंध?"

बिंदुमाधवांनी विचार केला. "स्वयं."

चादर वर करून खोल्या दाखवण्यात आल्या. मागचे चार-पाच जण वाकून बघून, काहीसे फसवले गेल्यासारखे, निघून गेले. खिडकीतल्या माणसाला सगळं पटलं. तो चांगला माणूस होता, त्याने पाणीसुद्धा विचारलं. पण पावती फाटली होती. "मुझे दिख रहा है कि आप जीवित हैं," तो म्हणाला. "लेकिन मेरे देखने से क्या होगा? परिवार से किसी का आवेदन लगेगा."

बिंदुमाधवांनी ते लगेच ओळखलं. हे वाक्य त्यांचं होतं. तेहतीस वर्षांत त्यांनी ते किती जणांना ऐकवलं होतं कोण जाणे. काठी टेकत आलेल्या, मुलाच्या हाताला धरून आलेल्या, एकदा तर स्ट्रेचरवरून आलेल्या एका माजी ग्रंथपालालासुद्धा. तेव्हा ते त्यांना नियमाला धरून आणि फार सौम्य वाटायचं.

विश्वेश्वरच्या खोलीत लाकडाच्या धुराचा वास होता आणि उत्तरेच्या खिडकीतून राखाडी उजेड येत होता. त्याने नऊ खोल्या एका पत्र्याच्या पेटीवर, करड्या घोंगडीवर, एकेक करून घेतल्या. प्रत्येकीला हात लावण्याआधी हात धुतले. प्रत्येक वेळी विचारलं, "किनका है?" बिंदुमाधव नाव सांगायचे. मग तो खिडकीची झडप थोडी लोटायचा, थोडी उघडायचा आणि वाट बघत बसायचा. एका खोलीसाठी त्याने पाऊण तास वाट पाहिली. फोटो प्रत्येकीचा एकच.

"एकच?" बिंदुमाधव न राहवून म्हणाले. "दुसरा घेऊन ठेवा. बिघडला तर?"

"घरवाले एक ही देखते हैं, गुरुजी." तो पुन्हा खिडकीकडे बघत राहिला. "हमसे लोग कहते हैं, ऐसा लगे कि सोये हैं. आपके में ऐसा लगना चाहिए कि अभी उठके गये हैं."

दोनदा खालून हाक आली. दोनदा तो कॅमेरा घेऊन खाली गेला, काम करून आला, पुन्हा हात धुऊन बसला. बिंदुमाधव तोपर्यंत घोंगडीवरच्या रिकाम्या खोलीसमोर बसून राहायचे. आपण काय केलंय ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं, आणि त्यांना ते फारसं सहन झालं नाही.

उन्हं कलताना फळी घेऊन ते घरी आले, तर दाराबाहेर चपलांचा ढीग होता. वरच्या खिडक्यांतून ज्यांनी पांढरी चादर घातलेली फळी पुणतांबेकरांच्या दारातून जाताना पाहिली होती, त्यांनी आपलं कर्तव्य केलं होतं. प्रेमलाबाई मंडळातून परत आल्या तेव्हा सात बायका पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्यांतली एक त्यांच्या गळ्यात पडली. प्रेमलाबाईंना वाटलं, तिच्याच घरी कोणी गेलं. त्यांनीही तिला धरून थोडं रडून घेतलं. खुलासा व्हायला पंधरा मिनिटं लागली. आणि एवढी माणसं आलीच आहेत तर चहा ठेवावा म्हणून त्यांनी चहा ठेवला.

बिंदुमाधव आत आले तेव्हा सगळे हातात कप घेऊन बसले होते. आनंद झालाच होता, नाही असं नाही. पण काम अर्धवट सुटल्यासारखे चेहरे होते. देवव्रतशास्त्री पंचांग मिटून बसले होते.

"मी दहाव्याचा दिवससुद्धा काढला होता," ते म्हणाले.

"तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते सगळे," प्रेमलाबाईंनी कप पुढे करत सांगितलं.

"काय बोलत होते?"

त्यांनी आठवून पाहिलं. "हेच, की कोणाला त्रास नव्हता. आपली खेळणी करत बसायचे बिचारे."

चहा कडू लागला. साखर संपली होती.

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहायचा होता. नमुना खिडकीवरच्या माणसाने दिला होता, त्यात शेवटी हरकत नसल्याचं वाक्य यावं लागतं. प्रेमलाबाईंनी चष्मा लावून हिंदीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: "मेरे पति जीवित हैं. इसमें मुझे कोई आपत्ति नहीं है." खाली सही केली. बिंदुमाधवांनी तो कागद दोनदा वाचला. चाळीस वर्षांच्या संसारात इतकं स्पष्ट काही त्यांना कधी मिळालं नव्हतं.

फोटो पुण्याला गेले आणि सहा निवडले गेले. मालविका फोनवर रडली. रुखवत हा शब्द तिने मागे घेतला. बिंदुमाधवांनी गल्लीत पेढे वाटले आणि शास्त्रीबुवांना दोन जास्त दिले. पंधरा दिवसांनी प्रदर्शनाची छापील पुस्तिका टपालाने आली. गुळगुळीत कागद, एकेका पानावर एकेक खोली, आजूबाजूला नुसता काळोख. खाली लिहिलं होतं: छायाचित्रकार, विश्वेश्वर. शेवटच्या पानावर, आभारांच्या यादीत, चहा-नाश्त्याची सोय करणाऱ्यांच्या वर, बारीक अक्षरात: मांडणी साहाय्य, बी. पुणतांबेकर.

मांडणी साहाय्य.

बिंदुमाधवांनी कलादालनाला पत्र लिहिलं, मुद्दे एक ते चौदा, सोबत जोडपत्र. उत्तर अतिशय आदबशीर आलं. प्रदर्शन छायाचित्रांचं असल्याने छायाचित्रकार हाच कलाकार मानला जातो, छायाचित्रातील साहित्याबद्दल मात्र त्यांना नितांत आदर आहे. म्हणजे त्या भिंती, त्या तुळया, मुळ्यांचे चार खिळे, हे साहित्य झालं. हलवायाच्या फोटोत कढई असते तसं. प्रेमलाबाई म्हणाल्या, जाऊ द्या, किमान जिवंत लोकांच्या यादीत तरी नाव आलं.

ते पुस्तिका घेऊन तडक मणिकर्णिकेवर गेले. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. विश्वेश्वर कामात होता. मिर्झापूरकडचं कोणी कुटुंब होतं. तो त्यांना हळूच जागा दाखवत होता, तुम्ही इकडे, माँजींचा हात इथे. बिंदुमाधव पायरीवर थांबले. काम आटपून तो आला, हात धुतले. पुस्तिका घेतली. स्वतःचं नाव असलेल्या ओळीवर त्याने बोट ठेवलं आणि ते बराच वेळ उचललं नाही.

"तीस साल में पहली बार किसी फोटो के नीचे नाम आया है," तो म्हणाला. "हमारी फोटो लोग ले जाते हैं, अलमारी में रख देते हैं. कोई निकालके देखता नहीं. कौन देखेगा?"

बिंदुमाधवांनी पुस्तिका त्याच्या हातातच राहू दिली. "एक प्रत तुमच्यासाठीच आणली," ते म्हणाले, आणि आपली एकुलती एक प्रत तिथे ठेवून घरी आले. येताना त्यांना स्वतःचा फार राग आला. आपल्याला भांडतासुद्धा येत नाही.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी दुपारी मालविकाचा फोन आला. "बाबा, इथे एक आजी आल्यात, व्हीलचेअरवर. त्यांचा मुलगा घेऊन आलाय. पाचव्या फोटोसमोरून हलत नाहीयेत. तुमच्याशी बोलायचंय म्हणतात."

मग एक म्हातारा, खरखरीत, पण चांगलाच खडा आवाज आला. "बिंदू का?"

त्यांना बिंदू म्हणणारं कोणी काशीत उरलं नव्हतं. सीता गर्दे, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. एकोणीस वर्षांपूर्वी मुलाने पुण्याला नेलं होतं. त्या असतील असं बिंदुमाधवांच्या ध्यानीमनी नव्हतं. पाचवी खोली त्यांची.

"काकू," ते म्हणाले.

"कोनाडा चुकलाय."

"कुठला कोनाडा?"

"दिव्याचा. उजवीकडच्या भिंतीत केलायस. डावीकडे होता."

बिंदुमाधव ताठ बसले. रुखवत, झाँकी, खेळणी, साहित्य, सगळं त्यांनी गिळलं होतं. पण माप चुकलं म्हटलेलं त्यांना चालणार नव्हतं. "काकू, मला पक्कं आठवतं. उजवीकडे. मी लहानपणी तुमच्याकडे पाढे म्हणायला यायचो, दिव्याचा उजेड पाटीवर उजव्या बाजूने पडायचा."

"तू तोंड दाराकडे करून बसायचास, बाहेर खेळायला कधी पळतो म्हणून. मी त्रेचाळीस वर्षं तिथे दिवा लावलाय रे."

भांडण चाळीस मिनिटं चाललं. त्यात फडताळ आलं, मोरी आली, पाटणकरांच्या मुलाने फोडलेली काच आली, दात्यांच्या शिवरामपंतांचं मोठ्याने संध्या करणं आलं. कोण कधी गेलं ते दोघांनी एकमेकांना सांगितलं. मालविकाच्या फोनची बॅटरी संपत आली तेव्हा काकू म्हणाल्या, "जाऊन बघून ये. मी जागी आहे." आणि फोन बंद झाला.

गर्द्यांच्या घराचं आता गेस्ट हाउस झालंय. काउंटरवरच्या माणसाला बिंदुमाधवांनी सांगितलं की दुसऱ्या मजल्यावरची पश्चिमेची खोली दोन मिनिटं बघायची आहे. त्याने आधार कार्ड मागितलं आणि बघून चावी दिली. खोलीत गार हवेचं यंत्र होतं, पलंग होता, चारी भिंतींना तपकिरी फळ्या ठोकल्या होत्या. खिडकी तेवढी तीच. बिंदुमाधवांनी बोटाच्या पेराने उजवीकडची भिंत ठोकत नेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भरीव. मग डावीकडची. मधोमध एक आरसा लटकत होता. त्याच्या खाली ठोकलं आणि आवाज पोकळ आला. पुन्हा ठोकलं. आरशात एक म्हातारा भिंतीला कान लावून उभा होता.

ते तिथेच पलंगाच्या कडेवर बसले आणि मालविकाने पाठवलेल्या, काकूंच्या मुलाच्या नंबरावर फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"काकू, डावीकडे."

"सांगत होते." त्यांनी लगेच विचारलं, "आता काय आहे तिथे?"

"फळी ठोकलीय. वर आरसा आहे."

"बरं." मग त्या म्हणाल्या, "त्या फोटोवाल्याला माझा आशीर्वाद सांग. फोटोत दुपारचे चार वाजलेत, ते त्याने बरोबर ओळखलं, उजेड तिथेच यायचा. खोली तुझी चुकली."

"हो, काकू," बिंदुमाधव म्हणाले.